पद्मिनीचं इंजिन: ओव्हरसाइज पिस्टन की स्लीव्ह?

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन खोललं की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न येतो: बोअर (सिलिंडरचं भोक) वाढवून ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन घालायचे, की ब्लॉकला स्लीव्ह (आत बसणारी धातूची नळी) मारून बोअर मूळ ६८ मिमीवर परत आणायचा?

आधी सिलिंडरच्या वरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर पिस्टनच्या रिंगांनी तिथं भिंत झिजवलीय. मग बोअर गेजनं (भोकाचा व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजा. झीज थोडी असेल तर माझं मत सरळ आहे, ओव्हरसाइज. अर्धा मिमी वाढवलं तर इंजिन जेमतेम ११०६ सीसी होतं, ताकदीत फरक कळत नाही. पण भिंत मूळ ओतीव लोखंडाचीच राहते आणि उष्णता थेट पाण्यात जाते. फक्त पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. माझ्या ब्लॉकचं एकानं आधीच बोअरिंग करून ठेवलं, पिस्टन नंतर आले. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट इतकी मोठी की थंड इंजिन टकटक वाजायचं. पुन्हा सगळं खोललं, फार जीव हळहळला. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्याच सिलिंडरला होनिंग (भिंत बारीक घासून नेमक्या मापाला आणणं) करून घ्यावं.

स्लीव्ह कधी? भिंतीला खोल ओरखडा असेल किंवा ब्लॉक आधीच शेवटच्या ओव्हरसाइजला पोचला असेल तेव्हा. खर्च जास्त, पण स्टँडर्ड पिस्टन चालतात आणि ब्लॉक वाचतो. स्लीव्ह घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर उष्णता अडते, पिस्टन जाम होतो.

दोन्ही पर्यायांत पिस्टनची रिंग सिलिंडरमध्ये सरळ ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्या) तपासाच, साधारण ०.३ मिमी.