नागपुरातला मुलांचा अ‍ॅथलेटिक्स वर्ग: सकाळची बॅच घ्या, उन्हाळ्यात संध्याकाळची नको

पश्चिम नागपुरात गवताच्या मैदानावर भरणारा हा वर्ग 9 ते 15 वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. आठवड्यातून चार दिवस, रोज सव्वा तास. इथली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सामानाच्या खोलीत भिंतीला चिकटवलेली मोजपट्टी. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची घेतात: अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर, डोक्यावर काटकोनात धरलेली लाकडी पट्टी. दोनदा मोजतात, आणि नेहमी सकाळीच, कारण दिवसभरात उंची सेंटीमीटरभर कमी भरते. दर महिन्याला मोजत नाहीत तेही बरोबर. तेवढ्यात मोजण्यातली चूकच वाढीइतकी निघते.

सराव या आकड्यावर ठरतो. वयात येण्याआधी मूल वर्षाला 5-6 सेंमी वाढतं. मुलींची वाढ साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षी सर्वात जोरात होते, तेव्हा हा वेग 8-10 सेंमीपर्यंत जातो. म्हणून तीन महिन्यांत 2 सेंमी वाढ दिसली की वहीत त्या नावापुढे लाल खूण येते. मग उड्या आणि चढावरचे स्प्रिंट निम्म्यावर आणतात; त्यांच्या जागी तोल सांभाळणं, स्टार्टचं तंत्र आणि हलकं पळणं. हाड आधी लांबतं, स्नायू मागे राहतो, आणि तो ताणलेला स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथली कूर्चा अजून कोवळी असते. गुडघ्याच्या वाटीखालचा दुखरा उंचवटा, टाचेच्या मागची कळ, ही त्याचीच लक्षणं. या काळात मूल धडपडतं, शंभर मीटरची वेळ मागे जाते, आणि घरी त्याला आळस समजतात. इथले सर आईबाबांना बोलावून वही उघडून दाखवतात. एवढ्यासाठीसुद्धा फी वसूल आहे.

वॉर्मअपला लंगडी आणि खो-खो. वळणं, थांबणं, एका पायावर उतरणं सगळं त्यात येतं, आणि पोट्टे कंटाळत नाहीत. लंगडीत दोन्ही पाय आलटून पालटून वापरायला लावतात, हे विशेष. बारा वर्षांखाली कुणाचाही एक प्रकार ठरवत नाहीत. सगळे पळतात, उड्या मारतात, रबरी चेंडू आणि हलका प्लास्टिकचा भाला फेकतात. दिवाळीत आणि वार्षिक परीक्षेनंतर पूर्ण सुट्टी. इतर खेळ धरून आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, हा नियम फॉर्मवरच छापलाय.

शालेय स्पर्धांच्या 14 वर्षांखालील गटात मिशी फुटलेला मुलगा सहज जिंकतो आणि उशिरा वयात येणारा चौथा-पाचवा येतो. दोन-तीन वर्षांत हे चित्र उलटू शकतं. म्हणून निकालावरून इथे बॅच बदलत नाहीत. मेडलची घाई असलेल्या पालकांना हे पटणार नाही, पण मुलाच्या हिताचं हेच आहे.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत. मे महिन्यातली संध्याकाळी पाचची बॅच बंदच करायला हवी. त्या वेळी नागपुरात पारा चाळिशीच्या वर असतो, नवतपात तर विचारूच नका. सकाळी साडेपाचला सुरू करून सातच्या आत मुलं घरी गेली पाहिजेत, आणि उन्हाळ्याचे पहिले दहा-बारा दिवस सराव हलका हवा. पाण्याची वेळ ठरलेली नाही. 9 ते 12 वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी 100 ते 250 मिली पाणी लागतं, आणि तहान लागेपर्यंत पोरं मागत नाहीत. घरून बाटली द्याच. सकाळी निघताना अर्धं केळं, परतल्यावर दूध, अंडं किंवा मोड आलेली मटकी. नुसत्या पोह्यांवर भागत नाही.

दुसरी उणीव, मुली बऱ्याच आहेत पण महिला प्रशिक्षक एकही नाही. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर खाणं सरावाला पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. तेरा वर्षांची मुलगी हे सरांना सांगणार नाही. तोवर आईनेच कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवाव्यात.