म्युकरच्या इंजेक्शनपायी १,६६,५०० रुपये गेले

मे २०२१ मध्ये म्युकरवरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारावरच्या, ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक कसे वणवण फिरत होते ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे 'अनोळखी माणसाला पैसे पाठवलेच कशाला?' हे मला कृपया विचारू नका.

धाकट्या भावाची किडनी बदललेली. ती टिकावी म्हणून टॅक्रोलिमस रोजचं, म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली. त्यात कोविड आणि स्टेरॉइड. हातावर सलाईनची सुई होती तिथली चिकटपट्टी काढली तर लालसर कडा आणि मधोमध काळा चट्टा. तुकडा काढून तपासला, म्युकर निघाला. नाका-डोळ्यांतला म्युकर तेव्हा सगळ्यांना पाठ होता, पण कातडीतून थेट स्नायूपर्यंत उतरणाऱ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. असा पेशंट घरात असेल तर पट्टीखाली रोज बघायला लावा. काळं दिसलं तर मलमं लावत बसू नका, त्याच दिवशी बायोप्सी मागा.

सर्जननी मेलेली कातडी काढली, पण इंजेक्शनही हवंच होतं, आणि तेही ॲम्फोटेरिसिनचा लायपोसोमल प्रकारच, कारण साधं ॲम्फोटेरिसिन किडनीवर फार जड जातं. वजन ५८ किलो, किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या रोज ६ व्हायल (कुप्या). हॉस्पिटलला सरकारी कोट्यातून मिळायच्या त्या कधी दोन, कधी एकही नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'व्हेरिफाइड' यादीत एक नंबर होता. माणूस गोडबोल्या असता तर मी सावध झालो असतो. हा तुसडा होता, म्हणूनच खरा वाटला. पेशंटचं वजन विचारून त्याने डोस तोंडी सांगितला. १२ व्हायल, प्रत्येकी १३,५००, निम्मे आधी. ८१,००० पाठवताना स्क्रीनवर एजन्सीचं नाही, कुठल्याशा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, "आमच्या अकाउंटंट आहेत, सर." तिथेच बोट थांबायला हवं होतं! त्याहून ढळढळीत गोष्ट म्हणजे त्याने प्रिस्क्रिप्शन मागितलंच नाही. खरा विक्रेता त्या दिवसांत डॉक्टरांची चिठ्ठी, आधार, रिपोर्ट, हॉस्पिटलचं पत्र मागून जीव नकोसा करायचा. हा काहीच मागत नाही म्हणून मला उलट हायसं वाटलं. वॉर्डाबाहेर उभं राहून बघा, तुम्हालाही वाटलं असतं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने त्याच नंबरवर पैसे भरले होते, आणि तो स्वतः बँकेत आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेले ८१,००० आणि 'आइसबॉक्सचे' ४,५००. खोका आला, बर्फासकट. सिस्टरनी एक व्हायल ट्यूबलाइटखाली धरून फिरवली. "दादा, ही पावडर पांढरी आहे. आपण आधी दिलेली पिवळी होती." बॅच नंबरवर अंगठा घासला तर शाई अंगठ्याला. सिस्टर घाईत असत्या तर ते भावाच्या शिरेत गेलं असतं. (दुसरा एक जण व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं वेगळं औषध 'तेच काम करतं' म्हणून गळ्यात मारत होता. म्युकरवर ते चालत नाही, लक्षात ठेवा.)

आता खरा संताप. पोलीस ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं. सायबरवाले म्हणाले, औषध आहे ना, मग औषध खात्याकडे जा. तिथल्या साहेबांनी पक्कं बिल मागितलं. अहो, बिल देणारा भेटला असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? बँकेचं उत्तर तयारच: "पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुमचाच." आणि एका हवालदाराने तर वर मलाच ऐकवलं की ब्लॅकने घेत होतात म्हणजे तुम्हीही गुन्ह्यात. वा! कोटा पुरवायला कुणी नाही, दम द्यायला सगळे हजर. पैसे गेले की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, ठाण्याच्या बाकावर वेळ घालवू नका. चॅट डिलीट करू नका, खोका फेकू नका.

भाऊ वाचला, किडनीही टिकली, ती पुढे हॉस्पिटलला मिळालेल्या कोट्यावर. तक्रारीचं काय? मध्यंतरी ठाण्यातून फोन आला, तक्रार मागे घेताय का म्हणून. मी विचारलं, त्या व्हायल तपासायला पाठवल्या का? त्यांना वाटत होतं त्या माझ्याकडून कधीच जप्त झाल्यात. बाराच्या बारा अजून माझ्याच फ्रिजमध्ये आहेत.