थ्री एक्सएलचं लेबल, ४४ चा कुर्ता

लेबलावर थ्री एक्सएल. विकणाऱ्याच्या तक्त्यात थ्री एक्सएल म्हणजे छाती ४८ इंच. कुर्ता टेबलावर सपाट अंथरला, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप धरली, तर भरले २२ इंच. दुप्पट केले की ४४. बाजूची शिलाई उलटून पाहिली तर आत माया (शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड) जेमतेम पाव इंच, म्हणजे उसवून ढिला करायलाही जागा नाही. गळ्यामागच्या पट्टीवर, लेबलाच्या कडेनं, सुईच्या भोकांची आणखी एक ओळ दिसते. आधीचं लेबल उसवून त्या जागी हे शिवलेलं आहे.

मराठवाड्यात आमच्या शिलाई-दुरुस्तीच्या टेबलावर असे कपडे सतत येतात. घेऊन येणाऱ्या बायका शाळेत, बँकेत, जिल्हा परिषदेत, कोर्टात, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या. कपडा मुलाखतीसाठी किंवा नव्या जागी रुजू व्हायला म्हणून हौसेनं घेतलेला. आणि बोलणं ठरलेलं: "ताई, माझंच अंग सुटलंय, बघा थोडा ढिला होतो का." अंग सुटलेलं नसतं, माप खोटं असतं. ही फसवणूक चालते ती या एका समजुतीवर. जाड बाई मापावरून चारचौघांत भांडायला उभी राहत नाही, गुपचूप दुरुस्तीचे पैसे भरते, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे: स्वतःला दोष देण्याआधी कपड्याला टेप लावा.

व्यवहार साधारण असा होतो. मोबाइलवर एक पान दिसतं. त्यावर भरलेल्या अंगाची, हसरी, नेव्ही ब्लू ब्लेझर घातलेली बाई. खाली "एल ते सेव्हन एक्सएल, ऑफिस वेअर". किंमत २,४९९ वर काट मारून ९९९, आणि डबल एक्सएलच्या पुढे प्रत्येक मापाला दोनशे-तीनशे जादा. फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीचा उचललेला असतो. गूगल लेन्समध्ये टाकला की तोच फोटो तीन वेगवेगळ्या नावांखाली, तीन वेगवेगळ्या किमतींना सापडतो. व्हॉट्सॲपवर विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, तुमच्यासाठी कस्टम साईझ बनवून देऊ, ॲडव्हान्स पूर्ण लागेल." पैसे जातात कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. माल आला, घातला, दंडात अडकला, तक्रार केली, तर उत्तर तयार असतं: "कस्टम पीस आहे, परत होत नाही. माप तुम्हीच दिलंय."

फसवणुकीचा सांधा या "कस्टम" शब्दात आहे. तो ओळखायची सोपी खूण सांगतो. खरंच तुमच्या मापाचा कपडा कापणारा माणूस निदान आठ मापं मागतो: खांदा, छाती, पोट, सीट (नितंबांचा घेर), मुंढा (बाही जोडतात तिथला घेर), दंड, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची. पँट असेल तर मांडी आणि आसन (कंबरेपासून पायांच्या जोडापर्यंतचा भाग) वेगळं. ज्यानं फक्त "छाती किती?" एवढंच विचारलं तो काही कापणार नाही, गठ्ठ्यातला तयार पीस काढून पाठवणार. त्यानं आठ मापं विचारली नाहीत, ते चॅटमध्ये तसंच राहू द्या. पुढे तोच पुरावा होतो.

आता लेबल खरं असलं, तरी मोठ्या मापाचा तयार कपडा नीट का बसत नाही, तेही समजून घ्या. स्वस्तात काम करणाऱ्या कारखान्यात एम मापाचा एकच साचा असतो. मोठी मापं काढताना तो सगळीकडून सारखा फुगवतात. दर मापाला घेर दोन-तीन इंच, खांदा अर्धा इंच, गळाही थोडा. एम पासून थ्री एक्सएल चार पायऱ्यांवर आहे, म्हणजे खांदा दोन इंच रुंद झाला. बाईचं अंग असं वाढत नाही. खांद्याचं हाड फारसं बदलत नाही. वाढ होते ती छातीच्या पुढच्या बाजूला, दंडात, पोटात आणि सीटमध्ये. म्हणून तयार कुर्त्यात खांदा दंडावर घसरतो, गळा वाकलं की उघडा पडतो, आणि त्याच कुर्त्याची बाही मात्र दंडाला करकचून बसते. छातीला जास्त कापड लागल्यानं पुढचा घेर मागच्यापेक्षा वर उचलला जातो. याला उपाय म्हणजे छातीचे टक (उभार बसावा म्हणून कापडाला घातलेली शिवलेली चिमटी) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिलाई). पण टक घालायला कापडही जास्त लागतं आणि शिलाईचा वेळही, म्हणून ते गाळतात. फोटोत हे कळत नाही, कारण कपडा पाठीमागून चिमटे लावून ओढलेला असतो.

शर्टात बटणांची जागा बघा. छातीच्या सर्वांत उंच बिंदूवर एक बटण आलंच पाहिजे. दोन बटणांच्या मध्ये तो बिंदू आला तर तिथं बहुधा फट पडते. कपडा बाकी चांगला असेल तर आतून एक टिचबटण लावून काम भागतं. पँटमध्ये मात्र आसन चुकलं की दुरुस्ती नाही. मागचं आसन पुढच्यापेक्षा तीन-साडेतीन इंच लांब हवं. ते कमी असेल तर खुर्चीत बसताच कंबरपट्टा मागून खाली सरकतो, आणि दिवसभर कुर्ता ओढत बसावं लागतं.

तक्त्याचा घोळ वेगळाच. छाती ४८ म्हणजे अंगाचं माप की कपड्याचं, हे बरेच विकणारे मुद्दाम लिहीत नाहीत. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्याला अंगापेक्षा चार इंच ढील लागते. ४४ छातीच्या बाईला कपडा ४८ चा हवा, तेव्हा हात वर करता येतो, एसटीत वरचा दांडा धरता येतो. दंडाला दोन इंच ढील पुरते. सीटला चार ते पाच इंच, कारण बसल्यावर सीटचं माप दोनेक इंच वाढतं. मापं घेताना श्वास रोखायचा नाही आणि रोज घालता तीच ब्रा घालायची.

यापेक्षाही खात्रीचा मार्ग म्हणजे घरातला एखादा जुना, छान बसणारा कुर्ता सपाट अंथरून त्याचीच मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवणं. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न असा: "तयार कपड्याची छाती, दंड, सीट इंचात किती? टेप लावलेला फोटो पाठवा." टेपचा फोटो देणारा भेटला तर व्यवहार करा. "फ्री साईझ आहे, सगळ्यांना बसतं" असं म्हणणाऱ्याला तिथंच सोडा.

समोरासमोरच्या दुकानातही बोलण्यावर जाऊ नका. "धुतल्यावर सैल होईल" हे सर्रास सांगतात, आणि ते उलटं आहे. रेयॉन पहिल्या धुण्यात आटतं, सुतीही आटतं, सैल काही होत नाही. "लायक्रा आहे, ताणेल" म्हटलं तर कापडाचा बोटभर भाग ताणून सोडा. लगेच पूर्वीच्या जागी आला तर ठीक, लोंबत राहिला तर महिनाभरात गुडघ्याला पिशव्या येतील. सुती म्हणून कृत्रिम धागा खपवणं तर नेहमीचंच. कापडातला एक दोरा मागा आणि चिमट्यात धरून पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पॉलिस्टर अस्तराच्या ब्लेझरमध्ये ऑफिस गाठणं म्हणजे छळ आहे. अस्तर फक्त पाठीच्या वरच्या अर्ध्या भागाला आणि बाह्यांना असेल असा ब्लेझर निवडा.

शिवून घेणाऱ्यांचीही फसवणूक होते, आणि ती करणारे आमच्याच धंद्यातले असतात, हे लिहिताना वाईट वाटतं. मोठं माप म्हटलं की चार-पाच मीटर कापड आणायला सांगतात. हिशेब असा आहे: पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच, कुर्त्याची उंची ४२, खाली दुमडायला आणि वर शिलाईला २. पुढचा आणि मागचा भाग मिळून ८८ इंच. दोन्ही बाह्या शेजारीशेजारी बसतात, त्यांना २० इंच. झाले १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर. आटण्यासाठी धरून तीन मीटर पुरतात. लांब बाही किंवा मोठा घेर असेल तर साडेतीन. उरलेलं कापड मागून घ्या, आणि बाजूला एक इंच माया ठेवायला आधीच सांगा. लातूरची गंजगोलाई, छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी, नांदेडचं वजिराबाद अशा बाजारांत कापड हातात घेऊन बघता येतं आणि पन्हा तिथंच मोजून मिळतो.

फसलात तर पहिली गोष्ट ही की कपडा उसवू नका, धुऊ नका, टॅग कापू नका. दुरुस्तीला टाकलेला कपडा विकणारा परत घेत नाही आणि तुमचा पुरावाही जातो. सपाट अंथरून टेपसह फोटो काढा, लेबलाचा, जुन्या भोकांचा आणि पार्सलवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याचाही. मग लिहून कळवा. लिहिताना "मला बसत नाही" असं लिहू नका. ते तुमच्या पसंतीचं म्हणून टोलवलं जातं. लिहा: "तक्त्यात छाती ४८, प्रत्यक्षात ४४. माल वर्णनाप्रमाणे नाही." या वाक्यानं प्रकरण तुमच्या अंगावरून उठतं आणि मालावर येतं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ऑनलाइन विकणाऱ्या मंचानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो. दुकानाच्या बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असलं म्हणून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो पंधरा आकडी-अक्षरी असतो. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, गुजरातचा २४ नं. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव निघतं. पान "पुण्याचं" आणि क्रमांक ०७ नं सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा, असं दिसलं तर पैसे भरण्याआधी थांबा.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा सुरतचा असो की जयपूरचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन पानच गायब झालं तर ती सायबर फसवणूक. १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. आणि "रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असा फोन आला तर तो दुसरा दरोडा आहे. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही.

सगळं करून पैसे बुडालेच, तर कुर्ता वाचवता येतो. दोन्ही बाजूंना बगलेच्या शिलाईत उभी पट्टी घाला. ४४ चे ४८ करायला दर बाजूला दोन इंच तयार, म्हणजे कापताना तीन इंच. पट्टी बगलेत थांबवू नका, तशीच बाहीच्या खालच्या शिलाईतून पुढे न्या, म्हणजे छाती आणि दंड दोन्ही एकदम मोकळे होतात. कापड पट्टीच्या लांबीला उभ्या धाग्यात (किनारीला समांतर) धरा, आडवं घातलं तर पहिल्या धुण्यानंतर बाजू वेडीवाकडी होते. रंग जुळला नाही तर गडद रंगाची पट्टी मुद्दाम घ्या, ती नक्षीसारखी दिसते. खांदा उतरत असेल तर बाही उसवून खांदा अर्धा-पाऊण इंच आत घ्या, आणि हे काम पट्टी घालण्याच्या आधी करून घ्या.