फोटोबुक: जुनी प्रत घ्यावी की नवं पुनर्मुद्रण?

पैसे एकाच मोठ्या फोटोबुकापुरते, म्हणजे एखाद्या छायाचित्रकाराच्या फोटोंच्या पुस्तकापुरते असले की निवड इथेच अडते. जुन्या आवृत्तीची वापरलेली प्रत घ्यायची, की त्याच पुस्तकाचं नवं पुनर्मुद्रण?

पुनर्मुद्रण म्हणजे जुन्याची नक्कल, हा समज आधी काढून टाका. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’ बघा. १९५८ च्या पॅरिस आवृत्तीत फोटोंसमोर इतर लेखकांचे उतारे होते. १९५९ च्या अमेरिकी आवृत्तीत ते गेले आणि लेखक जॅक केरुआकची प्रस्तावना आली. श्टाइडल या जर्मन प्रकाशकाने २००८ मध्ये काढलेल्या आवृत्तीत फोटो ८३च, पण त्यातले दोन बदललेले, काहींच्या कडेला पूर्वी कापलेला भाग आता दिसतो, आणि या बदलांत फ्रँक स्वतः होता. हे पुस्तक वाचायचं असेल तर नवंच घ्यावं.

छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या ‘द डिसिसिव्ह मोमेंट’ या पुस्तकाचं मात्र वेगळं आहे. ते ग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापलं होतं. या छपाईत शाई खड्ड्यांतून कागदावर उतरते. खड्डा जितका खोल तितका थर जाड, म्हणून सावल्यांचा काळा मखमलीसारखा दिसतो. ऑफसेट या आताच्या नेहमीच्या छपाईत थर सगळीकडे जवळपास सारखाच, फरक फक्त ठिपक्यांच्या आकाराचा. दहापट भिंग घेऊन सावलीचा कोपरा पाहा, लगेच कळतं. २०१४ च्या पुनर्मुद्रणात चित्रकार मातीसचं मुखपृष्ठ मिळतं, मांडणी मिळते. तो काळा मिळेलच असं नाही. छपाईसाठीच जीव टाकणाऱ्याने जुनी प्रत शोधावी, बाकीच्यांनी नाही. रंगीत पुस्तकांत तर जुन्याचा हट्ट सहसा फुकटच जातो.

आता नाशिकचा पावसाळा. फोटोबुकाचा आर्ट पेपर म्हणजे कागदावर बारीक पांढऱ्या मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप. ओल लागली की लेप मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरतो. मग पानं सोडवायला गेलात की फोटोच सोलून निघतो. म्हणून मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा नाशिकच्या रविवार कारंजाजवळ जुनी प्रत हातात आली, तर आधी शिवणीजवळची पानं सावकाश उलटा. चर्रर्र असा आवाज आला तर प्रत खाली ठेवा, कितीही स्वस्त असो. समासातले तपकिरी ठिपके चालतात; बोटाला भुकटी लागली तर ती बुरशी, आणि ती घरच्या कपाटातही पसरते.

नव्या प्रतीत भीती ओलीची नाही, बांधणीची. पुस्तकाचा माथा वरून पाहा. १६-१६ पानांचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, वळलेले आणि मध्ये दोरा दिसला तर शिवलेली बांधणी. सुटी पानं नुसत्या गोंदाने चिकटवली असतील, तर दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला भाग खाचेत जातो. जोर लावून उघडलं की पाठ तडकते. ऑनलाइन मागवताना हे कळत नाही, म्हणून बांधणी विचारूनच पैसे भरावेत. शिवाय दोन-तीन किलोचं पुस्तक कुरियरमध्ये कोपऱ्यावर आपटतं. पार्सल उघडताना आधी चारही कोपरे तपासा, जॅकेट नंतर.

दोन्हींपैकी काहीही घ्या, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं जागा सोडा, आणि मोठ्या आकाराची पुस्तकं आडवी, तीनपेक्षा जास्त एकावर एक नकोत.