बाईकला भोंगा, डिस्क लॉक की चोर स्विच? आधी गाडी कुठे उभी राहते ते बघा

जळगावात गल्लीत गाडी लावणाऱ्याची अडचण वेगळी आणि रात्रपाळीची लाईट आली की कपाशीला पाणी द्यायला निघणाऱ्याची वेगळी. विचारतात मात्र दोघंही एकच, "अलार्म बसवू का?" अमळनेरकडच्या मामांच्या गाडीसाठी मी रिमोटचं किट बघत होतो, तेव्हा ते सहज बोलून गेले, "वावरमा भोंगा कोन ऐकी रे?" निवड करायला मला तरी याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

बाजारात तीन गोष्टी मिळतात. एक, रिमोट, धक्क्याचा सेन्सर आणि भोंगा असलेलं किट. दोन, ब्रेकच्या चकतीला लावायचं, आतच आवाज असलेलं डिस्क लॉक. तीन, इग्निशनच्या वायरमध्ये लपवलेला साधा चोर स्विच. किट हजाराच्या आतबाहेर मिळतं, बसवायची मजुरी वेगळी. स्विचला वायरसकट शे-दीडशे पुरतात.

रिमोटचं किट गल्लीत, अपार्टमेंटखाली किंवा दुकानासमोर खरंच कामाचं आहे. गाडी हलवली की भोंगा वाजतो, इंडिकेटर लुकलुकतात, चार माणसं बाहेर येतात. पण ते दिवसरात्र बॅटरी खातं, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. नुसतं पहाऱ्यावर असताना 15 मिलीअँपिअर धरले, तरी दिवसाला 0.36 अँपिअर-तास जातात. शंभर सीसीच्या गाडीत बॅटरी बहुधा 3 अँपिअर-तासांची असते. म्हणजे चार दिवसांत ती अर्ध्यावर येते, आठ-नऊ दिवसांत पार बसते. दिवाळीला मी नऊ दिवस पुण्याला गेलो होतो. परत येऊन रिमोट दाबला तर गाडीत टकसुद्धा वाजलं नाही. बुलेटसारख्या गाडीची बॅटरी 8 अँपिअर-तासांच्या आसपास असते, तिला हे सोसतं. लहान गाडी रोज चालणार नसेल तर गावाला जाताना किटचा फ्यूज काढून ठेवावा.

दुसरी अडचण खोट्या आवाजाची. महामार्गालगत घर असेल, भुसावळला रुळांजवळ गाडी लावत असाल, किंवा उन्हाळ्यात दुपारची वावटळ सुटत असेल, तर जास्त संवेदनशील ठेवलेला सेन्सर दिवसात दहा वेळा ओरडतो. मग लांडगा आला रे आला. शेजारी दुसऱ्याच आठवड्यात कान बंद करून घेतात आणि खऱ्या चोरीच्या रात्री कुणी खिडकीही उघडत नाही. सेन्सर सर्वांत कमीवर ठेवून सुरुवात करा, हाताने गाडी हलवून बघा, लागेल तसं एकेक पायरी वाढवा.

किट घ्यायचंच ठरलं तर खरा पैसा वायरिंगवर खर्च करा. माझ्या पहिल्या किटचे सांधे नुसते पिळून टेप गुंडाळलेले होते. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, सीटखाली तर त्याहून जास्त. टेपचा गोंद वितळून हाताला चिकटत होता. पावसाळ्यानंतर टेप सोडवली तेव्हा तांब्यावर हिरवी पूड धरलेली होती आणि एक तार बोटाने ओढताच सुटून आली. तेव्हापासून मी सोल्डर आणि वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) यांखेरीज दुसरं काही करू देत नाही. लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवर घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात ठेवा. फ्यूज लांब असेल तर मधली वायर घासून फ्रेमला टेकली की जळतेच. काळी वायर बॅटरीच्या मायनसवर न्या. फ्रेमवर घेतली तर आधी रंग खरवडून लोखंड उघडं करा. भोंग्याचं तोंड खाली आणि सायलेन्सरपासून लांब, नाहीतर त्यात पाणी साचतं. वायर हॅन्डलच्या मानेजवळून नेली तर दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण येता कामा नये.

किटमधली इंजिन बंद पाडणारी वायर सर्वांत जोखमीची. बऱ्याच जुन्या गाड्यांत सीडीआयची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या डबीची) किल वायर फ्रेमला टेकवली की इंजिन बंद पडतं, नव्यांत पुरवठाच तोडावा लागतो. उलटसुलट झालं तर सीडीआय जातो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या) वायरींना अनोळखी हात लावू देऊ नका. वॉरंटीत असेल तर हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. चालत्या गाडीचं इंजिन रिमोटने बंद पडेल अशी जोडणी तर नकोच, खिशात बटण दाबलं गेलं तर भर रस्त्यात गाडी थांबेल. काही जण भोंगा हॉर्नच्या बटणालाही जोडून घेतात. तसं करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 119 कर्कश आणि अनेक सुरांच्या हॉर्नला मनाई करतो.

डिस्क लॉकला वायरिंग लागत नाही, गाडीची बॅटरी उतरत नाही. रेल्वे स्टेशनच्या पार्किंगला ते बरं पडतं. पण पुढे ड्रमब्रेक असेल तर लागतच नाही, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी गाड्या ड्रमच्याच. घाईत लॉक विसरून गाडी पुढे रेटली तर डिस्क आणि कॅलिपर दोन्ही दुखावतात. सोबतची आठवणीची पिवळी-केशरी दोरी हॅन्डलला अडकवायचीच, त्यात आळस नको.

चोर स्विच आवाज करत नाही, बॅटरी खात नाही, आणि बांधावर एकट्या उभ्या गाडीला तोच खरा राखणदार. चोराने लॉक तोडलं तरी इंजिन धरत नाही. गाडी ढकलत नेणं किंवा टेम्पोत टाकणं एवढंच उरतं, म्हणून हॅन्डल लॉक आणि चाकाला साखळी हवीच. स्विच चांगल्या क्षमतेचा घ्या. हलका घेतला तर आतून तापतो आणि एक दिवस पावसात गाडी मध्येच बंद पडते.

मामांच्या गाडीला शेवटी स्विच आणि साखळीच बसवली. माझ्या गल्लीतल्या गाडीवर किट आहे, सेन्सर दुसऱ्या पायरीवर. तुमची गाडी दिवसा गावात आणि रात्री वावरात असेल तर आधी स्विच बसवा, किटचं महिनाभराने बघा. दुकानातून निघण्याआधी गाडी दहा मिनिटं चालवा, लाईट, हॉर्न, दोन्ही इंडिकेटर तपासा, आणि प्रत्येक वायर कुठे जोडली त्याचा साइड कव्हर उघडा असतानाच फोटो काढून ठेवा.