खिडकीचा उजेड ओळखणारा छायाचित्रकार

लग्नसमारंभाची आणि व्यक्तिचित्रांची कामे करणाऱ्या ज्या व्यावसायिकाची आम्ही निवड केली, त्याच्या कारकिर्दीची सुरुवात स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यापासून झाली होती, आणि ३६ चित्रांच्या रोलने लावलेली काटकसर त्याच्या हाताला अजूनही आहे. सोहळ्यात तो फारसा जाणवत नाही. ३५ मिमीची, रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावून तो गर्दीत शिरतो. एकट्या माणसाचे चित्र काढताना मात्र ८५ मिमीची, लांबूनही चेहरा जवळ आणणारी लेन्स लावून चार पावले मागे सरतो, कारण फार जवळून टिपलेल्या चेहऱ्यात नाक उगाच मोठे दिसते.

माझ्या आईचे चित्र काढताना त्याने फ्लॅश बंद केला, तिला खिडकीकडे किंचित तिरके बसवले, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला आणि तो तिच्याशी बोलत राहिला. हसू ओसरत असतानाच्या क्षणी त्याने बटण दाबले. त्या चित्रात सुरकुत्या तशाच आहेत आणि बुबुळांत खिडकीचा चौकोन चमकतो. (मला तेवढे एकच चित्र पुरले असते.)

गटचित्रे मात्र नाखुशीने काढल्यासारखी वाटतात. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र, पुरेसे लहान न केल्यामुळे मागच्या रांगेतील दोघांचे चेहरे धूसर आले आहेत, आणि अनुभवी माणसाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. अल्बमही ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा मिळाला. तरीही व्यक्तिचित्रासाठी मी पुन्हा त्याच्याकडेच जाईन. गटचित्रांची जबाबदारी बहुधा दुसऱ्या कोणावर तरी सोपवीन.