एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट: टॉप-अप की वजनावर गॅस?

गाडीचा एसी लावला की ड्रायव्हरच्या जाळीतून झकास गार हवा आणि शेजारी बसलेला घामाघूम, ही तक्रार घेऊन गेलात की बहुतेक वेळा दोन पर्याय समोर येतात. आहे त्या गॅसमध्ये थोडा टाकून निघायचं, म्हणजे टॉप-अप, नाहीतर सगळा गॅस काढून, लीक शोधून, व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा ओढून घेऊन) मोजून भरायचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

दोन्हीच्या आधी एसी चालू ठेवून बॉनेट उघडा आणि एसीच्या जाड पाइपला हात लावा. पाइप चांगला गार असेल, त्याला घाम सुटला असेल आणि तरीही एकच बाजू कोमट असेल, तर दोष बहुधा डॅशबोर्डमागच्या, हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा किंवा त्याच्या मोटरचा. दोन बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत ही शक्यता जास्त, आणि अशा वेळी आतून बारीक टकटकही ऐकू येते. मग गॅसला हात लावू नका. हवेचा जोरच कमी असेल तर केबिन फिल्टर बघा.

पाइप जेमतेम गार असेल तर गॅस कमी पडलाय असं धरायला हरकत नाही. कमी गॅस कूलिंग कॉइलमध्ये शिरतो आणि सुरुवातीच्या भागातच उकळून संपतो. उरलेली कॉइल कोरडीच राहते आणि तिच्यावरून येणारी हवा कोमट लागते. कोणती बाजू कोमट होणार हे गॅस कॉइलमध्ये कुठून शिरतो त्यावर ठरतं.

टॉप-अपचं काम पटकन होतं, खर्चही कमी. पहिल्यांदा मी तेच केलं आणि त्या दिवशी चारही जाळ्या सारख्या गार झाल्या. महिन्याभरात डावी बाजू पुन्हा कोमट. दुसऱ्या टॉप-अपनंतर वेगळंच झालं: सिग्नलला गाडी थांबली की कॉम्प्रेसर बंद पडायचा. गॅस जास्त झाला होता. आत किती होता, किती भरला, असं गॅरेजमध्ये विचारलं, तर उत्तर मिळालं, "गेजवर बरोबर आहे."

मला खटकलं ते हेच, कारण गेज दाखवतं फक्त दाब. बंद सिस्टिममध्ये द्रव आणि वाफ दोन्ही असतील तोवर एसी बंद असतानाचा दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या मापावर नाही. सिलिंडर अर्धा असो की भरलेला, त्यातला दाब जवळपास तोच, म्हणून तर आपण तो वजनावर घेतो. एसी चालू असतानाचा दाबही बाहेरचं ऊन आणि इंजिनचा वेग यांप्रमाणे हलतो. छोट्या गाडीत मुळात साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस मावतो, तिथे अंदाजाने शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो.

दुसऱ्या पद्धतीत माझा अर्धा दिवस गेला आणि पैसेही बरेच जास्त लागले. पण कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या कॉइलच्या) जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग सापडला. गॅसबरोबर तेलही झिरपतं, त्यामुळे असा डाग हा लीकचा चांगला पुरावा. जोडातली रबरी ओ-रिंग बदलली, व्हॅक्यूम मारून तो टिकतो का पाहिलं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरला. त्यानंतर दोन उन्हाळे डाव्या जाळीपुढे तळहात धरून पाहतोय, कुरकुर नाही.

टॉप-अप सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. भर उन्हात लांबच्या प्रवासात अडकलात, तर वेळ निभावायला ठीक. मात्र लीक बुजवणारं द्रव त्यात टाकू देऊ नका, ते पुढे गॅस काढणाऱ्या-भरणाऱ्या सर्व्हिस मशीनलाही त्रास देतं. आणि गाडीत कोणता गॅस आहे, आर-१३४ए की आर-१२३४वायएफ, हे आधी स्टिकरवर पाहा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मोजून भरून घ्यायचं ठरवलंत, तर मशीनने जुना गॅस किती ग्रॅम काढला तो आकडा मागून घ्या. माझ्या गाडीतून जेमतेम निम्मा निघाला होता, बाकीचा तोवर झिरपून गेला होता.